नववी-दहावीच्या वाचकाची जागा

सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचं, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय 1871 सालचं. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 पासूनचं, आणि 1 मे 1981ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आमचे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचे. वाचनालयांच्या वयाचा विषय निघाला तर या किनाऱ्याला कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. पण एवढ्या लांबलचक इतिहासात तेरा ते अठरा वर्षांची मुलंमुली नेमकी कुठे बसत होती, हे शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. लहान मुलांसाठी निदान एक कपाट सापडतं. मोठ्यांसाठी तर सगळं वाचनालयच असतं. मधल्यांची नोंद नाही.

या किनाऱ्यावरच्या अशा मधल्या वयाच्या वाचकांतलं पहिलं मोठं नाव शोधायचं तर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याला जावं लागतं. बाळशास्त्री जांभेकर तिथले, जन्म 1812चा. कोवळ्या वयातच ते शिकायला मुंबईला गेले आणि बापू छत्रे यांच्या आश्रयाला राहिले. हे छत्रे म्हणजे 1828 साली मराठी मुलांच्या हाती ‘बाळमित्र’ हे पुस्तक देणारे. 6 जानेवारी 1832ला त्यांच्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला तेव्हा बाळशास्त्री जेमतेम विशीचे होते. म्हणजे त्यांची सगळी घडण झाली ती तेरा ते अठरा याच वयात, आणि ती झाली मुंबईत. हुशार पोराला पुस्तकासाठी गाव सोडावं लागायचं. पुढे गावोगाव वाचनालयं निघाली तरी ही रीत पुरती मोडली नाही.

कारण ती वाचनालयं काढली होती कुणासाठी, तर कचेरीतले कारकून, वकील, मास्तर, व्यापारी यांच्यासाठी. मुंबईहून आलेलं वर्तमानपत्र टेबलावर पडायचं, त्यावर चर्चा व्हायची. त्या काळाच्या मानाने ते मोठंच काम होतं. शाळकरी पोर तिथे गेलंच तर वडिलांचं पुस्तक बदलून आणायला जायचं. हे पुस्तक बदलून आणणं मात्र कमी लेखू नये. वाडीतल्या कित्येक मुलांचं वाचन त्या परतीच्या वाटेवर, पुस्तक घरी पोचायच्या आत सुरू झालं आहे.

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तिथे थांबायला हवं. वि. स. खांडेकर 1920 साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत राहिले. आडगावची शाळा, पोहोचायला धड रस्ता नाही, आणि मराठीतला एक लिहिता माणूस रोज वर्गावर येतो आहे. किशोरवयीनांसाठी ग्रंथसेवा म्हणून आज जे काही सांगितलं जातं, त्याचा गाभा हाच. पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये एक वाचणारं माणूस उभं असलं पाहिजे. शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी 1925चे. खांडेकर कोल्हापूरला गेले तेव्हा ते तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. एका माणसामुळे एक दळवी घडला असं मी म्हणणार नाही, तसं सिद्धही करता येत नाही. पण ज्या पंचक्रोशीत पुस्तकाबद्दल बोलणं हा रोजचा व्यवहार होता, तिथली मुलं पुढे लिहिती झाली याचं नवल वाटत नाही. ढालवलीचे विंदा करंदीकर, वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर आणि आरती प्रभू ही नावं घेताना आपली छाती फुगते. मात्र ही मंडळी चौदा-पंधरा वर्षांची असताना त्यांना पुस्तकं कुणी दिली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

सरकारी बाजूने पाहिलं तर इतरत्र बरंच आधी काही सुरू झालं होतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 पासून विनामूल्य ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, त्यात मुलांचा विभाग होता आणि खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही होत्या. घाटावर कोल्हापूर संस्थानाने 1945 साली ग्रंथालयाचा कायदा केला, देशातला तो पहिलाच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा, अंमल 1968 पासून. मद्रासने 1948च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर ठेवला होता, आपण ठेवला नाही. आपल्याकडे संस्थेने वाचनालय चालवायचं, सभासदांनी वर्गणी भरायची आणि सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं. या वर्गवारीने गावोगाव वाचनालयं उभी राहिली हे खरं. आज राज्यात ती हजारोंनी आहेत. पण वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती येतात, यावर. पंधरा वर्षांची मुलगी आत आल्यावर तिच्याशी कोण बोललं, हे मोजायला रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याला खर्चही नाही. 2012 नंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळायचे. 2022च्या नोव्हेंबरात 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48 हजार. महिन्याचे 4 हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. एवढ्यात जो माणूस रोज कुलूप काढतो त्याच्याविषयी मला आदरच आहे.

1980च्या दशकातलं किनाऱ्यावरचं एखादं वाचनालय डोळ्यांपुढे आणा. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, देवघेवीचं लाकडी टेबल. त्यावर लांब रजिस्टर, शाईचा पॅड आणि तारखेचा शिक्का. बालविभाग म्हणजे काचेच्या दारांचं एक कपाट, किल्ली ग्रंथपालांच्या खिशात. आत ‘चांदोबा’चे अंक, इसापनीती, आणि बांधून घेतलेले ‘किशोर’चे गठ्ठे. बालभारतीने 1971 साली सुरू केलेलं ‘किशोर’ हे त्या वयाला नाव घेऊन हाक मारणारं मासिक होतं आणि त्याचं ऋण कोकणातल्या शाळांवर फार आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच कपाटात, बहुतेक वेळा बाहेरच असायचा, कारण तो परत आला की दुसरा उभाच. जूनमध्ये कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि ओल्या कागदाचा वास एकदम नाकात शिरायचा. पुठ्ठे फुगलेले, कडांना बुरशी, पानांत कसर. पावसाळ्यात या किनाऱ्यावर पुस्तक जगवणं हेच निम्मं ग्रंथपालपण असतं.

तर हे कपाट सातवी-आठवीपर्यंत संपायचं. मग काय? मग पलीकडची मोठ्यांची रांग. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, पुढे सुहास शिरवळकर. तिथे हात घातला की टेबलामागून आवाज यायचा, ‘तां तुझ्या वयाचा नाय.’ काही ठिकाणी एवढ्यावरच विषय संपायचा. पण मी असेही ग्रंथपाल पाहिलेत, जे नाही म्हणून झाल्यावर उठायचे, आतल्या खोलीत जायचे आणि ‘बनगरवाडी’ आणून हातावर ठेवायचे. ‘ह्यां वाच. आवडला नाय तर उद्या बदलून देतंय.’ त्या उद्या बदलून देण्यात सगळं आलं. पुस्तक आवडलं नाही असं म्हणायची मुभा चौदाव्या वर्षी घरात मिळत नव्हती, शाळेत तर नाहीच. पुढे त्या वयाची म्हणावी अशी पुस्तकं मराठीत आली. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’मधला लंपन 1994चा, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004ची. ती बालविभागात ठेवायची की कादंबऱ्यांत, हे बऱ्याच वाचनालयांना ठरवता आलं नाही. ती कादंबऱ्यांत गेली आणि ज्यांच्यासाठी होती त्यांना दिसलीच नाहीत.

याच प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1925 साली शोधलं होतं. किशोरवयीनांसाठी एक स्वतंत्र खोली काढली आणि तिला ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं नाव दिलं. बाल्टिमोरच्या ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स या बाईंनी 1930च्या दशकापासून याच वयाला आयुष्य वाहून घेतलं. हाताखालच्या ग्रंथपालांनी तरुणांच्या आवडीची शेकडो पुस्तकं आधी स्वतः वाचली पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता, आणि युद्धाच्या दिवसांत त्यांनी घोडागाडीत पुस्तकं घालून वस्त्यांत नेली. खोली, फर्निचर यांचं कौतुक मला नाही. मुलाने विचारायच्या आत त्याला सांगायला आपल्यापाशी दहा नावं असली पाहिजेत, हा जो त्यांचा आग्रह होता तो महत्त्वाचा. त्याला फार पैसे लागत नाहीत. ग्रंथपालाला वाचायला वेळ आणि पोटापुरतं मानधन लागतं.

आपल्याकडे 1990नंतर वाचनालयात तरुण दिसू लागले ते वेगळ्या कारणाने. कोकण रेल्वे 1998ला पुरती धावू लागली, मुंबई एका रात्रीवर आली आणि नोकरीची परीक्षा हा घरोघरचा विषय झाला. वाचनालयांनी अभ्यासिका काढल्या. ज्या घरात दोन खोल्या, एक टीव्ही आणि सहा माणसं, तिथल्या मुलीला पंखा, दिवा आणि शांत टेबल मिळणं ही लहानसहान गोष्ट नाही, आणि अभ्यासिकेतून पोलीस, तलाठी, शिक्षक झालेली मुलं गावोगाव आहेत. त्यांना नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण अभ्यासिकेने एक केलं. तरुण माणूस वाचनालयात येतो तो उमेदवार म्हणून, आपलं गाइड घेऊन. पाच पावलांवरच्या कपाटाकडे तो वळत नाही. आणि दहावीच्या आतल्याला तर तिथे जागाच नसते. 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे 19 हजारांनी कमी. साक्षरता मात्र 85 टक्क्यांच्या वर. शिकवायचं आणि पाठवून द्यायचं, हे आपलं चालूच आहे.

मग उपक्रमांचा काळ आला. जिल्हा ग्रंथोत्सव सुरू झाले. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. मुलांना रांगेने आणतात, पुस्तकं सतरंजीवर मांडतात, अर्धा तास वाचन होतं, फोटो निघतो, मुलं परत जातात. एक दिवस हे होतं ते न होण्यापेक्षा बरं. पण त्या रांगेतल्या एखाद्या मुलीला सतरंजीवरचं पुस्तक अर्ध्यात सोडावं लागलं, तर ते पुरं करायला दुसऱ्या दिवशी ती कुठे येणार? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून 2009 साली निघालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पेट्यांची योजना मला म्हणूनच जास्त पटते. पेटी येते, राहते, फिरते. पुस्तक पुरं होतं. मालवणात बॅरिस्टर नाथ पै सेवांगणात साने गुरुजी वाचन मंदिर आहे. ज्या वास्तूत तरुणांचा सभा, शिबिरांच्या निमित्ताने वावर असतो तिथेच पुस्तकं असणं, ही रचना मुळातच शहाणपणाची आहे.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदीत सगळी वाचनालयं बंद झाली, ती उघडायची परवानगी ऑक्टोबरच्या मध्यात मिळाली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची कौलं, पत्रे उडवले, वीज कितीतरी दिवस नव्हती. त्या दीड-दोन वर्षांत आठवीतली मुलं दहावीत गेली आणि त्यांच्या हातात मोबाइल स्थिरावला. मोबाइलला शिव्या देऊन काही साधत नाही. ‘किशोर’चे जुने अंक आता त्याच मोबाइलवर फुकट वाचता येतात, ते तिथे आहेत हे सांगणारा माणूस मात्र पुन्हा टेबलामागेच बसलेला हवा.

आणि वेळ. या सगळ्या मागोव्यात सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच. आचरा, मसुरे, देवबाग अशा गावांहून मालवणात शिकायला येणारी मुलं एसटीची बांधलेली. शाळा सुटते आणि गाडी सुटते यांच्यामध्ये जो काही वेळ असतो, त्यात ती स्टँडवर उभी असतात. संध्याकाळचं वाचनालय रंगात येईपर्यंत मुली घरी पोचलेल्या असतात, कारण काळोखाच्या आत पोचायचंच असतं. मुलगे सुट्टीत रापणीवर, कलमांच्या बागेत, नाहीतर दशावताराला रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी झोपलेले. ही त्यांची दिनचर्या आजची नाही, तीन पिढ्यांची आहे. वाचनालयाचं वेळापत्रक मात्र निवृत्त माणसाच्या फेरफटक्याला बेतलेलं राहिलं.

आता बाळशास्त्रींचं पोंभुर्ले सरकारने पुस्तकांच्या गावांच्या यादीत घेतलं आहे, भिलार या पहिल्या गावानंतरच्या टप्प्यात. 2025 साली पाडगावकरांचं उभादांडा कवितांचं गाव झालं. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पर्यटक येतील, यावेत. पण पोंभुर्ल्यात पुस्तकं निवडताना देवगड तालुक्यातल्या नववी-दहावीच्या चार मुलामुलींना त्या बैठकीत बसवावं, त्यांनी मागितलेली पुस्तकं निदान एका फळीवर लागावीत, ती घरी न्यायला अनामत मागू नये, आणि दार उघडं राहण्याची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून ठरवावी. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, शिरोडा इथल्या जुन्या संस्थांना तर यासाठी सरकारी आदेशाचीही वाट पाहावी लागणार नाही. येत्या वार्षिक सभेत ठराव मांडला की पुरे.