‘विश यू वेअर हिअर’ आणि श्रोत्यांचे अभिप्राय : आस्वादविषयक एका प्रश्नाचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

संगीतकृतीविषयी श्रोते जे अभिप्राय व्यक्त करतात, ते अभ्यासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य मानावेत, ह्याबाबत दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार अभिप्राय म्हणजे केवळ व्यक्तिगत आवडनिवड होय. कृतीच्या स्वरूपावर त्यातून काहीच प्रकाश पडत नाही. दुसऱ्या भूमिकेनुसार पुष्कळ श्रोत्यांनी दीर्घकाळ दिलेला कौल हाच मूल्याचा निर्णायक पुरावा होय. ह्या दोन्ही भूमिका अपुऱ्या कशा ठरतात, हे पाहण्यास ‘पिंक फ्लॉइड’ ह्या ब्रिटिश संगीतसमूहाची ‘विश यू वेअर हिअर’ ही ध्वनिमुद्रिका उपयुक्त आहे. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांतील विक्रीच्या याद्यांत तिने अग्रस्थान मिळविले. परंतु समीक्षकांत मात्र तीव्र मतभेद झाले. पुढे तिची गणना प्रोग्रेसिव्ह रॉक ह्या प्रकारातील श्रेष्ठ कृतींत होऊ लागली. समूहातील डेव्हिड गिल्मर व रिचर्ड राइट ह्या दोघांनीही समूहाच्या ध्वनिमुद्रिकांत हीच आपल्याला सर्वांत प्रिय असल्याचे सांगितले आहे.

मतांतील हा पालट लक्षणीय आहे. परंतु त्याहून लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. निंदक आणि प्रशंसक ह्यांनी बोट ठेवले ते बव्हंशी एकाच गुणावर. ज्याला एकाने जडपणा म्हटले, त्यालाच दुसऱ्याने गांभीर्य म्हटले. ह्या विसंगतीची उपपत्ती लावणे हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन होय.

२. कृतीची घडण

प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रामुख्याने ब्रिटनमध्ये उदयास आला. तीनचार मिनिटांच्या गीताची चौकट सोडून दीर्घ, अनेकखंडी रचना करणे आणि ध्वनिमुद्रिकेकडे सुट्या गीतांचा संग्रह म्हणून न पाहता सलग कृती म्हणून पाहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेचे मुद्रण १९७५ च्या जानेवारी ते जुलै ह्या काळात लंडन येथील अ‍ॅबी रोड ध्वनिमुद्रणगृहात झाले. सुमारे ४४ मिनिटांच्या ह्या कृतीत पाच शीर्षके आहेत. त्यांपैकी ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ खंडांची रचना दुभंगून तिचा एक भाग आरंभी व दुसरा अखेरीस ठेवलेला आहे. उरलेली तीन गीते ह्या दोन भागांच्या मध्ये येतात.

स्वप्निल वातावरणाविषयीचे बहुतेक अभिप्राय मुख्यतः आरंभीच्या खंडांना उद्देशून असतात. तेथे जी मायनर स्वरसंगतीचा एक दीर्घ, स्थिर नाद सिंथेसायझरवर उमटतो. काचेच्या पेल्यांच्या कडांवरून ओले बोट फिरवून काढलेले ध्वनीही त्यात मिसळलेले आहेत. ते समूहाच्या आधीच्या एका अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगातून घेतले होते. ताल नाही, गायन नाही, स्वरसंगतीतही घाईने बदल नाही. सुमारे चार मिनिटांनंतर गिटारवर चार स्वरांची एक आकृती येते. जी हा षड्ज मानल्यास ते स्वर कोमल गांधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत असे होतात. ह्यांतील अखेरचा धैवत नैसर्गिक मायनर स्वरसप्तकात बसणारा नाही. त्यामुळे आकृती पूर्ण होऊनही विसावत नाही. गायनाचा आरंभ होतो तो साडेआठ मिनिटे उलटल्यानंतर. म्हणजे साडेतेरा मिनिटांच्या ह्या भागाचा जवळजवळ दोनतृतीयांश अंश शब्दांवाचून जातो.

विलंबित आलापीची सवय असलेल्या श्रोत्याला ही प्रतीक्षा विचित्र वाटणार नाही. मात्र हे साम्य मर्यादितच समजावे. आलापीत रागाचा विस्तार होत असतो. येथे विस्तारापेक्षा स्थगिती अधिक आहे. ह्या स्थगितीचे मोल काय, ह्याच प्रश्नावर अभिप्राय विभागले गेले.

३. समकालीन अभिप्राय

प्रतिकूल मतांस ध्वनिमुद्रिकेपूर्वीच आरंभ झाला होता. ‘शाइन ऑन’ ही रचना समूहाने १९७४ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष सादर केली. लंडनमधील वेम्ब्ली येथील कार्यक्रमावर निक केंट ह्यांनी ‘न्यू म्यूझिकल एक्सप्रेस’मध्ये कठोर टीका केली. ध्वनिमुद्रिका निघाल्यावर ‘मेलडी मेकर’ ह्या साप्ताहिकाच्या परीक्षणात तिचा प्रामाणिकपणा बोजड असून सर्वच अंगांनी तीत कल्पनेचा अभाव आहे, असा आक्षेप घेण्यात आला. ह्याउलट अमेरिकन समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाउ ह्यांनी तिला उच्च श्रेणी दिली. सिंथेसायझरचा उपयोग येथे पोत निर्माण करण्यासाठी व गिटारचा उपयोग भाष्यासाठी केलेला आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ह्या ध्वनिमुद्रिकेने ज्या भारदस्तपणाची बोजड नक्कल केली, तो येथे काही अंशी खरोखरच साधला आहे, असे मत त्यांनी मांडले. बोजडपणाचा दोष एका समीक्षकाने नव्या कृतीस लावला आणि दुसऱ्याने तिच्या पूर्ववर्तीस, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘रोलिंग स्टोन’मधील बेन एडमंड्स ह्यांच्या आक्षेपाचे स्वरूप आणखी निराळे होते. विषय एवढा शोकगर्भ असताना गायन इतके अलिप्त आहे की, एखाद्या क्षुल्लक प्रसंगाविषयी गावे तसे ते वाटते, असा त्यांचा आशय होता. हा आक्षेप समजण्यासाठी त्या विषयाचा परिचय आवश्यक आहे.

४. चरित्राचे ज्ञान आणि श्रवण

समूहाचे एक संस्थापक व आरंभीचे प्रमुख गीतकार सिड बॅरेट ह्यांना मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये समूहापासून दूर व्हावे लागले. ‘शाइन ऑन’ ही रचना त्यांना उद्देशून आहे, हे सर्वमान्य आहे. तथापि ते सर्व प्रकारच्या अनुपस्थितीचे केवळ प्रतीक आहेत, असेही रॉजर वॉटर्स ह्यांनी म्हटले आहे. ५ जून १९७५ रोजी बॅरेट अनपेक्षितपणे ध्वनिमुद्रणगृहात आले आणि बदललेल्या रूपामुळे जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना प्रथम ओळखलेही नाही, ही हकीकत श्रोत्यांत फार प्रसिद्ध आहे. पुष्कळ श्रोते कृतीतील शोक ह्याच भेटीतून उद्भवल्याचे मानतात. परंतु ही समजूत कालक्रमाशी विसंगत आहे. रचना त्याच्या एक वर्ष आधीच सभागृहांतून ऐकविली गेली होती. भेटीने श्रवणाला नवा अर्थ दिला असेल; रचनेला तिने जन्म दिला नाही.

मग चरित्राच्या ज्ञानाने मत पालटते, असे म्हणता येईल काय? एडमंड्स ह्यांचे उदाहरण ह्याच्या विरुद्ध जाते. त्यांस बॅरेट ह्यांची कथा ज्ञात होती आणि ती ज्ञात असल्यामुळेच त्यांची निराशा झाली; कारण शोक म्हटला की तो आवेगाने व्यक्त झाला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढील श्रोत्यांनी अलिप्ततेलाच शोकाचे रूप मानले. येथे भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पुटपाकाच्या उपमेचे स्मरण होते. तोंड बंद केलेल्या पात्रात औषध आतल्या आत शिजावे, तसा रामाचा करुण गांभीर्यामुळे बाहेर न फुटता आत दाटून राहतो. करुणाची ही कल्पना ज्याच्या मनात आहे तो श्रोता, आणि करुण म्हणजे उघड विलाप असे मानणारा श्रोता, ह्यांनी एकाच गायनाविषयी परस्परविरुद्ध अभिप्राय दिल्यास नवल नाही. तेव्हा मतभेद माहितीच्या कमीअधिकपणाचा नसून भाव आणि त्याची अभिव्यक्ती ह्यांच्या नात्याविषयीचा आहे.

चरित्राचा आधार केव्हा घ्यावा, ह्याचीही एक कसोटी ह्यातून हाती येते. जे ज्ञान कृतीत ऐकू येणाऱ्या घटकाकडे लक्ष वळविते, ते आस्वादाला उपकारक होय. उदाहरणार्थ, नवव्या खंडाच्या अखेरीस राइट ह्यांनी बॅरेट ह्यांच्या १९६७ मधील ‘सी एमिली प्ले’ ह्या गीताच्या चालीचा ओझरता निर्देश केला आहे आणि तेथेच मायनर स्वरसंगती मेजरमध्ये विलीन होते. हे सांगितल्यावर श्रोत्याला काहीतरी अधिक ऐकू येते. भेटीची हकीकत हृदयस्पर्शी असली, तरी तिच्यामुळे असा कोणताही नवा स्वर श्रवणात येत नाही.

५. श्रवणाची परिस्थिती

अभिप्रायांवर माध्यमाचाही परिणाम होतो. मूळ तबकडीत पहिली बाजू ‘वेलकम टू द मशीन’ने संपते व दुसरी ‘हॅव अ सिगार’ने सुरू होते. ह्या गीताच्या शेवटी पूर्ण भरलेला ध्वनी एकाएकी आक्रसून लहानशा रेडिओतून यावा तसा होतो. त्याच क्षीण ध्वनीत शीर्षकगीताची गिटार सुरू होते आणि मग कोणी खोलीत बसून रेडिओला साथ करावी, तशी दुसरी गिटार तिला येऊन मिळते. दूरस्थ आणि निकटस्थ ह्यांमधील अंतर ध्वनीच्या प्रतीनेच येथे सूचित केले आहे. शीर्षकगीत सुटे ऐकणाऱ्या श्रोत्याला ते एक साधे, मधुर विरहगीत वाटते. त्याचा अभिप्राय खोटा नसतो, परंतु तो निराळ्या वस्तूविषयीचा असतो.

शिवाय काही अभिप्राय संगीताविषयी नसून सामाजिक असतात. ‘सेक्स पिस्टल्स’चे गायक जॉन लायडन ह्यांनी पिंक फ्लॉइडच्या नावावर तिरस्कारदर्शक शब्द लिहिलेला सदरा वापरला होता. पुढे त्यांनी त्या तिरस्काराचा इन्कार केला. तो सदरा म्हणजे एका पिढीने दुसरीपासून आपले वेगळेपण सांगण्याची खूण होती. कृतीचे परीक्षण नव्हे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रोत्याच्या अभिप्रायात तीन अंश एकत्र नांदतात : काय ऐकू आले ह्याचे वर्णन, काय अपेक्षित होते ह्याची कबुली, आणि ह्या दोहोंच्या तुलनेतून निघालेला निर्णय. निर्णयांत विरोध असला, तरी वर्णनांत एकवाक्यता असू शकते. प्रस्तुत उदाहरणात ती बऱ्याच अंशी आहे. मंदगती, स्थगिती आणि अलिप्तता हे गुण उभय पक्षांस मान्य आहेत. म्हणून अभिप्रायांची केवळ बेरीज करणारा अभ्यासक त्यांतील सर्वांत मौल्यवान भाग गमावतो आणि त्यांना आवडनिवड म्हणून बाजूला सारणाराही तोच गमावतो. प्रत्येक अभिप्रायातील वर्णनाचा अंश निर्णयापासून वेगळा काढून तो कृतीशी ताडून पाहावा, आणि उरलेल्या अंशातून श्रोत्याची अपेक्षा शोधावी, ही पद्धती अधिक फलदायी ठरेल. तीतून कृतीचे स्वरूप तर स्पष्ट होतेच. परंतु एका विशिष्ट काळातील समाजाला शोक, संयम आणि प्रामाणिकपणा ह्यांविषयी काय वाटत होते, हेही कळू लागते.