गव्हाणीतला लामा, टाकावरचा खंडोबा

ख्रिस्तजन्माचे देखावे जमवणाऱ्यांनी आपल्या नगर जिल्ह्याकडेही पाहावं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं, पण ते प्रोटेस्टंट. मूर्तींशी त्यांचं फारसं जमत नाही. मूर्तींसाठी श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव गाठा, तेही सप्टेंबरात, मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी चक्क जिवंत बैल आणि गाढव आणून देखावा मांडला. पेरूच्या देखाव्यांत लामा दिसतो. मग आपल्याकडे खिल्लारी का नको?

आपल्या मातीतली मारिया हवी असेल तर अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) शोधा. हा गोव्याचा चित्रकार पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि त्याने मारियेला साडी नेसवली. त्याची बरीच चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

माझ्या कपाटात गव्हाणीशेजारी टाक असतात: पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार खंडोबा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. एवढ्याशा जागेत अख्खी जेजुरी! फक्त कुणाच्या देवघरातले पूजेचे टाक मागू नका. सराफाकडे मोडीत आलेले घ्या. तसेही ते मुशीतच जाणार असतात.