किरकोळ अंग, लपलेली चरबी

गोंदियाच्या एखाद्या शाळेत आरोग्य-तपासणीला किरकोळ अंगाचा मुलगा आला, की आपल्या मनात कुपोषण येते. मधुमेह किंवा हृदयविकार येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे शोधनिबंध वाचले, की ही समजूत डळमळते.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह चक्क स्वतःचाच दाखला छापला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय दोघांचा एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. जादा चरबी, विशेषतः पोटातली, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मधुमेह आणि हृदयविकार या दोहोंचा धोका त्यातून वाढतो.

हा फरक केव्हा पडतो? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. २००३ च्या निबंधानुसार तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे दंड आणि पोट बरेच लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती.

२००८ मध्ये शोध आईपर्यंत पोचला. गरोदरपणी रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत होता. ब-१२ दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भातातून नाही.