गार पायाला शेक नको
ठाण्याच्या सिव्हिलमध्ये किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात दाखवून माणूस घरी आला, की पुढची शुश्रूषा घरच्या बाईकडेच येते. चालताना पोटरी दुखते, थांबले की राहते, पाऊल गार लागते. ही पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण. पण म्हणून विटेचा शेक देऊ नका! बधिर कातडीला चटका कळत नाही आणि रक्त कमी पडल्याने जखम भरत नाही. पाय कोमट पाण्याने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, रोज तळवे पाहा. चिखलणीला अनवाणी धाडू नका. बिडी सुटलीच पाहिजे, तिथे भीड नको. अशांच्या हृदयाच्या वाहिन्याही पुष्कळदा अरुंद असतात. छातीत कळ येऊन घाम फुटला, किंवा पाय एकाएकी पांढरा पडला, तर ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा.