कोड, हेतू आणि दोष : मोटारीतील तापमान-सेन्सरच्या निदानाविषयी

‘निदान’ हा शब्द मराठीला वैद्यकाकडून मिळाला. रोगाचे कारण आणि रोगाची निश्चिती असे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले आहेत. यंत्रातील बिघाड शोधण्याच्या क्रियेसही तो आता सर्रास लावला जातो. या नव्या क्षेत्रात चिन्ह आणि चिन्हित यांची गल्लत कशी होते, व ती कशी टाळता येते, हे एका लहानशा उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरण आहे स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या मोटारीतील तापमान-सेन्सरचे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. येथील उन्हाळा कडक असतो आणि वाटांवर धूळ फार. शिर्डी व शनिशिंगणापूर येथे भाविकांना घेऊन येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची वर्दळ असते. अशा गाडीत २४ अंशांची खूण लावली असता मध्येच उष्ण वारा येऊ लागला, तर चालकाचा दिवस बुडतो व आतील वृद्धांचे आणि मुलांचे हाल होतात. त्यातच ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरला जातो, मग एकामागून एक भाग बदलले जातात, आणि मूळ दोष तसाच राहतो.

या सेन्सरची रचना साधी आहे. चालकासमोरील फळीत बारीक जाळीच्या मागे तो बसविलेला असतो. छोटा पंखा किंवा एक नळी आतील हवा त्याच्यावरून ओढून नेते. त्याचा गाभा म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा विद्युत्-रोध घटतो. काही पदार्थांचा हा गुण फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदविला होता. २५ अंशांस १०,००० ओहम रोध असणाऱ्या थर्मिस्टरचा रोध ० अंशांस सुमारे ३०,००० वर जातो आणि ५० अंशांस सुमारे ४,००० वर येतो. हे आकडे गाडीगणिक बदलतात, दिशा मात्र तीच राहते. नियंत्रक ५ व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे पाठवितो आणि मधल्या बिंदूवरील दाब वाचतो. तो ठरावीक रोधही १०,००० ओहमचा असेल, तर २५ अंशांस हा दाब अडीच व्होल्ट भरेल.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. नियंत्रकास तापमान ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो केवळ दाब. तार तुटली की दाब ५ व्होल्टपर्यंत चढतो, व नियंत्रकाच्या लेखी गाडीत कडाक्याची थंडी पडते. दोन तारा एकमेकींस चिकटल्या की दाब शून्यावर येतो, व त्याच्या लेखी गाडीची भट्टी होते. काही नियंत्रक अशा वेळी खऱ्या वाचनाऐवजी एक ठराविक आकडा गृहीत धरून काम रेटतात. मग स्कॅनर लावला असता जो कोड येतो, त्याचा अर्थ एवढाच की या मंडलातील दाब अपेक्षित मर्यादेबाहेर गेला आहे. गॅरेजमध्ये मात्र ‘सेन्सरचा कोड आला’ या वाक्याचा अर्थ ‘सेन्सर खराब झाला’ असा केला जातो. पहिले विधान निरीक्षणाचे, दुसरे अनुमानाचे. नैयायिकांच्या परिभाषेत हा सव्यभिचार हेत्वाभास होय. कारण सेन्सर निर्दोष असूनही, केवळ कपलर सैल झाल्याने, तोच कोड येऊ शकतो. जो हेतू साध्य असताना आणि नसतानाही आढळतो, त्याने साध्य सिद्ध होत नाही.

यास्तव परीक्षेचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम तापमानाची खूण अगदी तळाशी न्यावी. बहुतेक गाड्या अशा वेळी सेन्सरचे न ऐकता पूर्ण थंडी सोडतात. वारा गार आला, तर गॅस व कॉम्प्रेसर यांवर संशय घेण्याचे प्रयोजन उरत नाही. दुसरी परीक्षा पहाटेची. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, आतील सेन्सर, बाहेरील सेन्सर आणि साधा तापमापक यांची वाचने जवळजवळ सारखी यावयास हवीत. तिसरी जाळीची. पातळ कागदाचा कपटा जाळीशी धरावा. तो ओढला जात नसेल, तर सेन्सर फळीमागील कोंडलेली ऊनऊन हवाच मोजत आहे असे समजावे. धुळीच्या मुलखात ही शक्यता आधी तपासलेली बरी. येथे कोड मुळीच येत नाही, कारण दाब मर्यादेतच असतो. सेन्सर खरे बोलतो, पण भलत्याच जागेविषयी. आणि गाडी गरजेपेक्षा अधिक गार होते.

चौथी परीक्षा विशेष उद्बोधक आहे. आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ नावाचे एक साधन आहे. रोग गूढ असता उपचार करून पाहावा व परिणामावरून रोग ओळखावा, असे त्याचे स्वरूप. गाडी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा आणि त्या जागी ज्ञात रोधाचा तुकडा जोडावा. गाडीच्या माहितीपुस्तिकेतील कोष्टकानुसार त्या रोधास जे तापमान असावयाचे, तेच स्कॅनरवर दिसले, तर तारा व नियंत्रक निर्दोष ठरतात आणि दोष सेन्सरकडे जातो. न दिसल्यास नवा सेन्सर बसवूनही उपयोग नाही. काढलेला सेन्सर मीटरला जोडून मुठीत धरावा. रोध संथपणे उतरत गेला तर तो शाबूत आहे. मध्येच उड्या मारू लागला तर आत तडा गेला असण्याचा संभव आहे.

या चारही परीक्षांत सूत्र एकच आहे. चिन्ह कोणी दिले, ते कोणत्या वाटेने आले आणि कोणी वाचले, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावयाचे. पोथीतील अपपाठ लेखकाचा की लेखनिकाचा, हे ठरविताना पाठचिकित्सकही हेच करतो. बोलीच्या क्षेत्रपाहणीत निवेदकाचा उच्चार आणि नोंद करणाऱ्याचा कान यांतील भेद तपासताना आपणही हेच करतो. मराठीत ‘निदान’ या शब्दाचा ‘कमीत कमी’ असाही एक अर्थ आहे. भाग बदलण्यापूर्वी निदान एकदा मोजून पाहावे, एवढ्या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात.