काठीची सावली सांगते नमाजची वेळ

मशिदीतलं वेळापत्रक कुठून आलं, असं मुलांनी विचारलं तर अंगणात एक सरळ काठी रोवा. दर तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायला सांगा. सकाळी सावली पश्चिमेला लांब पडते, दुपारी सर्वांत आखूड होते, मग पूर्वेकडे वाढते. सूर्य सरकताना दिसतो, पण फिरते ती पृथ्वी.

आखूड सावली पुन्हा वाढू लागली की जोहर सुरू. दुपारची ती सावली अधिक काठीच्या दुप्पट लांबी झाली की हनफी मसलकानुसार असर, शाफईत एकपट.

पिंपळनेरला २५ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मुलांनी सूर्याकडे मात्र बघू नये, सावलीकडेच बघावं.