फेब्रुवारीतली वाडी

बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बाजूला बालाघाटाच्या माथ्यावर गेलं की मुरमाड माळ लागतो आणि त्यावर वाड्या-तांडे विखुरलेले दिसतात. शे-दीडशे उंबरे, एक मारुती, दोन खोल्यांची शाळा. अशा वाडीची लोकसंख्या विचारायची, तर आधी महिना सांगावा लागतो.

भाद्रपदापासून सीताफळाला बहर असतो, गाव भरलेलं असतं. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाचे ट्रक-ट्रॅक्टर येतात. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, पाण्याचा ड्रम, चुलीची लाकडं, एखादी शेळी आणि तान्ही लेकरं एकाच गाडीत चढतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, हातीपायी धड असलेली माणसं गावात फार उरत नाहीत. उरतात म्हातारी-कोतारी आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं.

हा भाग पर्जन्यछायेतला. मांजरा नदी उगम पावते ती याच पाटोदा तालुक्यात, पण तिचं पाणी अडतं खाली केज तालुक्यात धनेगावला आणि जातं लातूरला. तेही धरण कोरडं पडलं तेव्हा, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मग माथ्यावरच्या विहिरींचं काय होत असेल! खरिपाचं एक पीक हाती लागलं तर लागलं. लग्न, दवाखाना, बियाणं या सगळ्यासाठी मुकादमाची उचल घ्यायची आणि ती कोयत्यानं फेडायची.

मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. पोराचं लग्न लवकर उरकण्याची घाई या हिशेबातूनही येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली.

फडात बाई अंधारातच उठते. कोपीतला, म्हणजे फडाकडेच्या खोपटातला, स्वयंपाक उरकून थळात, तोडीच्या शेतात, जायचं, नवऱ्यानं तोडलेला ऊस साळायचा, वाढ्यानं मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री. जोडीनं दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली, तेव्हा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांवर पोचला. आजारपणानं खाडा झाला की तो अंगावर येतो, आणि त्या धास्तीची किंमत बाईचं शरीर देतं. २०१९ साली सरकारी समितीपुढे बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली; त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा वाचून माझं मन अजून थाऱ्यावर येत नाही.

आणि जनगणना होते नेमकी फेब्रुवारीत. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. नियम असा, की त्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला गावात धरायचं नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचा. नियम देशासाठी ठीक असेल. बालाघाटावरच्या वाडीला तो मारक आहे. जिल्ह्याची २५,८५,०४९ ही लोकसंख्या अशी ऐन हंगामातली आहे. फडाच्या कडेला आज असलेली आणि चार दिवसांनी पुढच्या फडावर हललेली कोपी कोणत्या प्रगणकाच्या यादीत येते? तिथं सुटलेला माणूस कुठलाच राहत नाही. ग्रामपंचायतीचा निधी, सदस्यांची संख्या, अंगणवाडी, पाण्याची टाकी हे सगळं मात्र त्याच आकड्यावर बेतलं जातं आणि मे महिन्यात, ऐन टंचाईत, टाकीपुढे भरलेली वाडी उभी असते.

शिक्षण खात्यानं मुलांपुरती एक वाट काढली आहे. हंगामी वसतिगृहांमुळे आई-बाप गेले तरी मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय गावच्या शाळेत होते आणि पटावरचं मूल पटावर राहतं.

आता पुढची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, म्हणजे पुन्हा हंगामातच. माणसांच्या याद्या नाहीत असं नाही. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असते, कारखान्याकडे टोळ्यांचे करार असतात, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकानं गावोगाव नोंदी घेतलेल्या आहेत. दिवाळीच्या आत या तिन्ही याद्या जुळवून प्रत्येक साखर कारखान्याच्या क्षेत्रातल्या प्रगणकाला द्याव्यात, आणि वाडीच्या निधीसाठी ग्रामसेवकाची भरल्या गावाची नोंद धरावी. हे काम तहसील कचेरीत बसून होण्यासारखं आहे.